कमी आवाजाचा कॉम्प्रेसर : घरच्या गॅरेजसाठी निवड

एअर कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत ओढतो, दाबून लहान जागेत बसवतो आणि लोखंडी टाकीत साठवून ठेवतो. घरगुती आकाराच्या जवळजवळ सर्व यंत्रांत हे काम पिस्टन करतो. पिस्टन मागे सरकला की पातळ पोलादी पट्टीची झडप उघडून सिलिंडरमध्ये हवा शिरते. पुढे आला की ती झडप मिटते, दुसरी उघडते आणि दाबलेली हवा टाकीकडे ढकलली जाते. टाकीतला दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत, बहुधा ८ बारपर्यंत, चढला की प्रेशर स्विच मोटर बंद करतो. हवा वापरली जाऊन दाब ६ बारच्या आसपास उतरला की तोच स्विच मोटर पुन्हा चालू करतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर या तत्त्वावर चालतो आणि दातांच्या दवाखान्यातलाही. पहिला रस्त्याच्या पलीकडे ऐकू येतो; दुसरा शेजारच्या खोलीत चालू असूनही पेशंटच्या सहसा लक्षात येत नाही. हा फरक मुख्यतः मोटरच्या वेगातून आणि पिस्टनच्या बांधणीतून येतो.

घरच्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर येतो तो टायरमध्ये हवा भरण्यासाठी, गाडी आणि इंजिनवरची धूळ उडवण्यासाठी, सुतारकामात बारीक खिळे मारण्यासाठी किंवा रंगकामासाठी. गणपतीच्या दिवसांत घरीच मूर्ती रंगवणाऱ्या हौशी लोकांना एअरब्रशसाठीही तो लागतो. बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या गॅरेजची एक भिंत बहुधा घराचीच असते. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगवर तर पहिल्या मजल्यावरचे बिऱ्हाड असते. अशा जागी आवाजाचा विचार खरेदीनंतर करून भागत नाही.

कॉम्प्रेसरचा आवाज एका ठिकाणाहून निघत नाही. सर्वांत मोठा वाटा बऱ्याचदा हवा आत घेण्याच्या तोंडाचा असतो. पिस्टन प्रत्येक फेरीत हवेचा एक घोट ओढतो आणि त्या घोटांची ठकठक फिल्टरच्या छिद्रातून बाहेर पडते. झडपांच्या पट्ट्या आपटतात, बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड आवाज करतात, मोटर थंड ठेवणारा पंखा घोंघावतो. हे सगळे ज्या टाकीवर बसवलेले असते ती पातळ पत्र्याची पोकळ टाकी स्वतःही थरथरते आणि पायांमधून ती थरथर फरशीत उतरते. शेवटी मोटर बंद होताना जो ‘फस्स’ असा आवाज येतो, तो पंप आणि टाकी यांच्यामधल्या नळीत अडकलेली हवा सोडल्याचा असतो. तो दोष नव्हे. ती हवा सोडली नाही तर पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागेल आणि ती अडकेल.

यांपैकी बहुतेक आवाज वेगाबरोबर वाढतात. त्यामुळे शांत यंत्राची सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे मोटरचा मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा आकडा, आणि तो मोटरच्या पाटीवर छापलेला असतो. स्वस्त, हलक्या ऑइल-फ्री कॉम्प्रेसरमध्ये मिक्सर किंवा ड्रिल मशीनमध्ये असते तशी कार्बन ब्रशची मोटर असते. ती अतिशय वेगाने फिरते. तिचा आवाज आणि तिच्यावर चालणाऱ्या पंपाचा आवाज मिळून जवळ उभ्या माणसाला ८५ ते ९५ डेसिबलपर्यंत जातो. दुसऱ्या प्रकारात इंडक्शन मोटर असते. भारतातल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलची इंडक्शन मोटर मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेते आणि चार पोलची सुमारे १४०० ते १४४०. पंप मोटरच्या दांड्यालाच जोडलेला असेल तर पिस्टनही तितक्याच वेगाने धावतो. म्हणून १४०० फेऱ्यांचे यंत्र २८०० फेऱ्यांच्या यंत्रापेक्षा शांत असणार, हा अंदाज खोक्यावरचा आकडा न वाचताही करता येतो.

पट्ट्यावर चालणारे यंत्र हा तिसरा आणि जुना मार्ग आहे. त्यात मोटरची पुली लहान आणि पंपाचे चाक मोठे असते, त्यामुळे पंपाचा वेग बऱ्याचदा मिनिटाला ७०० ते १००० फेऱ्यांवर येतो. बिडाचा जड पंप, आत तेल आणि संथ गती यांमुळे त्याचा आवाज खोल, एकसुरी आणि सोसवण्याजोगा असतो. चांगल्या बांधणीचे पट्ट्याचे यंत्र आवाज करते, पण कानाला टोचत नाही. मात्र ते जड असते, जागा अडवते आणि एका जागी बसवूनच वापरावे लागते.

गेल्या काही वर्षांत ‘सायलेंट’ किंवा ‘नॉइजलेस’ या नावाने जी यंत्रे दुकानांत दिसतात, ती बहुतेक चार पोलच्या इंडक्शन मोटरची ऑइल-फ्री यंत्रे असतात. मोटरच्या दोन्ही टोकांना एकेक सिलिंडर असतो. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड एकसंध असतात, त्यामुळे पिस्टन सिलिंडरमध्ये सरळ न सरकता किंचित डोलत पुढे-मागे होतो. त्याच्या कडेला टेफ्लॉनमिश्रित पदार्थाचा कप बसवलेला असतो. हा कपच हवा अडवतो आणि तेलाशिवाय घासत राहतो. दोन पिस्टन आळीपाळीने काम करतात म्हणून हिसके कमी बसतात. ५५० किंवा ७५० वॅटची मोटर आणि २४ ते ५० लिटरची टाकी असलेले असे यंत्र ६० ते ७० डेसिबलच्या दरम्यान चालते. दवाखान्यांतली यंत्रे मुख्यतः याच घराण्यातली.

आता डेसिबल. कॉम्प्रेसरच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला हा आकडा आणि सर्वांत जास्त गैरसमज पसरवणाराही हाच. डेसिबलची मोजपट्टी सरळ वाढत नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दहापट. माणसाच्या कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट आवाज झाल्यासारखी वाटते. त्यामुळे ७८ डेसिबलच्या आणि ६० डेसिबलच्या यंत्रांत कागदावर अठराचा फरक दिसला, तरी कानाला पहिले दुसऱ्याच्या साडेतीनपट मोठे वाटते. शेजारी बोललेले ऐकू येते की ओरडावे लागते, इतका हा फरक आहे. याउलट ६५ आणि ६७ यांतल्या फरकासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. तो कळण्याइतका मोठा नसतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की तो आकडा किती अंतरावर मोजला. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एका मीटरवर ७२ डेसिबल देणारे यंत्र चार मीटरवर मोजले तर ६० भरेल. दोन्ही आकडे खरेच असतात, पण अंतर न लिहिता ६० छापले तर ग्राहकाची दिशाभूल होते. अंतर न दिलेला डेसिबलचा आकडा विचारात न घेणेच बरे.

यात आणखी एक गुंता आहे. युरोपीय बाजारासाठी बनलेल्या यंत्रांवर बऱ्याचदा ९७ डेसिबल असा आकडा छापलेला दिसतो आणि तो पाहून ग्राहक दचकतो. तो आकडा ध्वनिशक्तीचा असतो. यंत्र सर्व दिशांना मिळून एकूण किती ध्वनी सोडते याचे ते माप आहे. उघड्यावर वापरायच्या यंत्रांविषयीच्या युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशात १५ किलोवॅटपर्यंतच्या कॉम्प्रेसरसाठी ही मर्यादा ९७ ठेवली आहे. कानापाशी जाणवतो तो ध्वनिदाब, आणि तो अंतरावर अवलंबून असतो. जमिनीवर ठेवलेल्या यंत्राची ध्वनिशक्ती ९७ असेल तर चार मीटरवर ध्वनिदाब सुमारे ७७ येतो. एका यंत्राची ध्वनिशक्ती आणि दुसऱ्याचा ध्वनिदाब शेजारी ठेवून तुलना करणे चूक आहे.

अमेरिकन संकेतस्थळांवरचे आकडे वाचून यंत्र ठरवणाऱ्यांनी विजेचा फरकही ध्यानात घ्यावा. तिथे वीज ६० हर्ट्झची आहे. इंडक्शन मोटरचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो, त्यामुळे त्याच बांधणीचे यंत्र भारतात एक-षष्ठांश हळू फिरते. आवाज थोडा कमी होतो आणि हवाही तितकीच कमी मिळते. तिथली ११० व्होल्टची मोटर इथल्या २३० व्होल्टवर थेट लावली तर जळेल, हे वेगळे.

डेसिबल मोजताना बहुधा माणसाच्या कानाशी जुळवलेली ‘ए’ मोजणी वापरतात. तिच्यात खर्जातल्या आवाजांना फार कमी वजन मिळते; ५० हर्ट्झच्या आवाजातून ३० डेसिबल वजा केले जातात. कॉम्प्रेसरच्या पिस्टनचे ठोके नेमके याच खर्जात असतात. १४४० फेऱ्यांच्या यंत्रात एका सिलिंडरचे सेकंदाला २४ ठोके पडतात. मोजमापाच्या आकड्यात ते जवळजवळ उमटत नाहीत, पण स्लॅब आणि भिंतींतून ते सहज पलीकडे जातात. गॅरेजमध्ये उभ्या माणसाला यंत्र शांत वाटते आणि वरच्या मजल्यावरची झोपलेली व्यक्ती जागी होते, त्याचे कारण हे आहे. त्यावरचा उपाय यंत्र ठेवण्याच्या पद्धतीत आहे. तो पुढे येईल.

भारतात ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ही मर्यादा परिसरातल्या आवाजाची आहे, यंत्राशेजारी मोजायची नाही. तरी अंदाजासाठी ती उपयोगी पडते. एका मीटरवर ६५ डेसिबल देणारे यंत्र दार लोटलेल्या गॅरेजमध्ये दिवसा चालवले तर शेजाऱ्याच्या खिडकीपाशी ते ५५ च्या आत सहज येते. एका मीटरवर ९० देणारे यंत्र बंद दारामागेही तिथवर आणणे कठीण असते. कानांच्या दृष्टीने पाहिले तर अमेरिकेच्या ‘नायॉश’ या संस्थेने ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सोसण्याजोगा मानला आहे आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास. ब्रशच्या मोटरचे यंत्र लहान, बंद गॅरेजमध्ये तासभर चालवणाऱ्याने कानात प्लग घालावेत.

आवाजाचा विचार हवेच्या गरजेपासून तोडून करता येत नाही. कमी पडणारे यंत्र सतत धावत राहते, आणि सतत धावणारे शांत यंत्र अधूनमधून धावणाऱ्या मध्यम आवाजाच्या यंत्रापेक्षा जास्त त्रास देते. म्हणून खोक्यावर डेसिबल पाहण्याआधी कोणत्या कामाला किती हवा लागते हे ठरवावे.

दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाब बारमध्ये किंवा पीएसआयमध्ये सांगतात. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. मोटारीच्या टायरला ३० ते ३५ पीएसआय लागतात, रेसिंग सायकलला १०० च्या आसपास. ८ बार म्हणजे ११६ पीएसआय देणारे कोणतेही लहान यंत्र इथे पुरते. दाबावरून यंत्रे निवडायची वेळ घरात जवळजवळ येत नाही. अडते ते प्रवाहावर. प्रवाह मिनिटाला किती घनफूट हवा मिळते यावरून सांगतात. दुकानदार त्याला सीएफएम म्हणतात. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर.

इथे विक्रेते दोन आकडे मिसळतात. पिस्टन प्रत्येक फेरीत किती जागा व्यापतो यावरून काढलेला आकडा हा विस्थापनाचा. प्रत्यक्ष टाकीच्या तोंडाशी मिळणारी हवा ही त्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांशाच्या आसपास असते, आणि दाब वाढेल तशी आणखी घटते. विचारायचा आकडा म्हणजे ‘९० पीएसआयला किती सीएफएम’. लहान, सिंगल स्टेज यंत्रात एका अश्वशक्तीमागे सुमारे ३ सीएफएम मिळतात, बऱ्याचदा त्याहून कमी. याहून फार मोठा दावा असेल तर तो विस्थापनाचा आहे असे समजावे.

२४ लिटरच्या टाकीचा हिशेब करून पाहू. दाब ८ बारवरून ६ बारवर उतरेपर्यंत टाकीतून बाहेरच्या मोजमापाने ४८ लिटर हवा मिळते. मोटारीच्या टायरमध्ये २५ ते ३० लिटर जागा असते. २५ पीएसआयवर उतरलेला टायर ३३ वर नेण्यासाठी १५ लिटरच्या आसपास हवा लागते. म्हणजे भरलेल्या टाकीतून तीन टायर मोटर सुरू न होता भरतात. बारीक खिळे मारणारी गन एका खिळ्यामागे लिटर-दीड लिटर हवा खाते. तिचे तीसेक खिळे त्याच हवेत होतात. एअरब्रशला तर १५ ते ३० पीएसआय आणि १ सीएफएमपेक्षाही कमी हवा पुरते. या तिन्ही कामांसाठी ५५० वॅटचे, २४ लिटर टाकीचे शांत यंत्र उत्तम. मोठी टाकी घेतली की मोटर कमी वेळा सुरू होते, पण एकदा सुरू झाली की जास्त वेळ चालते. एकूण हवा तेवढीच भरावी लागत असल्याने आवाजाचा एकूण वेळ बदलत नाही. टाकी थोड्या वेळाच्या गरजेला मदत करते, सततच्या गरजेला नाही.

सततची गरज असलेली कामे म्हणजे गाडीचा पॅनेल रंगवणे आणि घासणे. कमी दाबाने भरपूर हवा सोडणाऱ्या स्प्रे गनला ८ ते १४ सीएफएम लागतात, हवेवरच्या सँडरला ८ ते १२. एका अश्वशक्तीच्या शांत यंत्रावर स्प्रे गन लावली तर मिनिटाभरात दाब पडतो आणि रंगाचे ठिपके उडतात. या कामासाठी ३ अश्वशक्ती किंवा त्याहून मोठे पट्ट्याचे यंत्र लागते, किंवा काम बाहेर करून घ्यावे लागते. हौसेपायी अर्धी गाडी रंगवून अडकण्यापेक्षा हे आधी मान्य केलेले चांगले.

धूळ उडवण्याची गन निरुपद्रवी वाटते, पण ती हवेची सर्वांत मोठी गिऱ्हाईक आहे. २ मिलिमीटरच्या उघड्या छिद्रातून ६ बारला मिनिटाला २०० लिटरच्या आसपास हवा जाते. वर ती गन स्वतःच ८५ ते ९५ डेसिबलचा आवाज करते. नट सैल करणाऱ्या इम्पॅक्ट रेंचचा आवाज तर १०० च्या घरात जातो. ज्याचे मुख्य काम इम्पॅक्ट रेंचवर आहे त्याने ६० डेसिबलच्या कॉम्प्रेसरसाठी जास्त पैसे घालवू नयेत. त्याच्या गॅरेजमध्ये आवाज अवजाराचा असणार आहे. त्याने बॅटरीवरचा रेंच घेतला तर कॉम्प्रेसरची गरजच उरत नाही. तसेच, केवळ टायरमध्ये हवा भरायची असेल तर गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर चालणारा छोटा पंप पुरतो. तो कर्कश असतो, पण काही मिनिटांपुरता.

विजेचा हिशेब साधा आहे. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. घरातल्या १६ अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त ३६८० वॅट घेता येतात, म्हणून त्या प्लगवर चालणाऱ्या यंत्रावर ‘६ एचपी’ लिहिलेले असेल तर ते गणितातच बसत नाही. इंडक्शन मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. ७५० वॅटचे यंत्र चालताना जेमतेम ४ अँपिअर घेत असले तरी त्याला १६ अँपिअरचाच प्लग द्यावा. २ अश्वशक्तीपर्यंत घरगुती जोडणीवर निभावते. ३ अश्वशक्तीला प्लगची मर्यादा जवळ येते आणि स्वतंत्र वायर व एमसीबी घालणे भाग पडते. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरणाऱ्या गावांत मोटर नुसती हुंकारते आणि सुरू होत नाही. अशा वेळी ताबडतोब बंद करावी, नाहीतर वाइंडिंग जळते. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरनेही हेच होते. गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला पोचायचे असेल तर वायर न वाढवता हवेची नळी वाढवावी. त्याने आवाजही लांब राहतो.

तेलाचे यंत्र घ्यावे की बिनतेलाचे, याचे उत्तर वापरावर आहे. तेलाचा पंप टिकाऊ असतो आणि त्याचे भाग कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या दुकानात मिळतात, पण तेलाची पातळी पाहावी लागते, यंत्र आडवे करता येत नाही आणि हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म कण येतात. रंगकामात असा एक कणही पृष्ठभागावर खड्डा पाडतो. बिनतेलाच्या यंत्राला ही देखभाल नाही, पण त्याचा कप झिजतो आणि ते सलग चालवायचे नसते. पुस्तिकेत चालण्याचा आणि विश्रांतीचा वेळ दिलेला असतो. निम्मा वेळ विश्रांती असा नियम लहान यंत्रांत सर्रास आढळतो. आठवड्यातून तासभर काम करणाऱ्या घराला बिनतेलाचे संथ यंत्रच योग्य. रोज काम करणाऱ्याला पट्ट्याचे, तेलाचे.

जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून त्याला टाकी जोडण्याची युक्ती हौशी लोकांत प्रसिद्ध आहे. तो खरोखरच शांत असतो, कारण मोटर आणि पंप दोन्ही पोलादी डब्यात बंद करून आत स्प्रिंगवर टांगलेले असतात. तरी ही युक्ती टाळावी. नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. नळी कापताना ठिणगी पडली तर भडका उडू शकतो. तेल हवेबरोबर बाहेर पडत राहते आणि शेवटी पंप कोरडा पडून अडकतो. त्यात कुठून तरी मिळालेल्या सिलिंडरची टाकी केली तर धोका आणखी वाढतो.

यंत्र घरी आल्यावर ते कसे ठेवले जाते यावर आवाजाचा मोठा भाग ठरतो. फरशीच्या मध्यावर असलेले यंत्र भिंतीला टेकवले की परावर्तनामुळे आवाज ३ डेसिबलपर्यंत वाढतो, कोपऱ्यात सरकवले की आणखी तेवढाच. फरशी, प्लास्टर आणि पत्र्याचे शटर असलेले रिकामे गॅरेज घुमते. कापडी सामान, कपाटे, जुन्या गाद्या यांनी ते घुमणे कमी होते. खर्जातल्या ठोक्यांसाठी पायाखाली जाड, मऊ रबर द्यावे आणि यंत्र भिंतीतल्या ब्रॅकेटवर किंवा घराला जोडलेल्या ओट्यावर कधीही बसवू नये. टाकीपासून निघणारी नळी लोखंडी असेल तर पहिला हातभर भाग लवचीक ठेवावा, नाहीतर तीच थरथर भिंतीत पोचवते. हवा घेण्याचे तोंड आखूड नळीने लहान सायलेन्सरला जोडले तर सर्वांत मोठा आवाज तिथेच दबतो.

पेटी बांधणे हा पुढचा टप्पा. आवाज अडवते ते वजन: १८ मिलिमीटरचे प्लायवूड, आतून रॉकवूल. नुसता फोम चिकटवल्याने पेटीच्या आतले घुमणे कमी होते, बाहेर जाणारा आवाज फारसा अडत नाही. मात्र कॉम्प्रेसरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. ७५० वॅटचे यंत्र बंद पेटीत चालवणे म्हणजे तापलेली इस्त्री कपाटात ठेवण्यासारखे आहे. म्हणून हवा येण्या-जाण्यासाठी दोन वळणे घेणारा, फोम लावलेला मार्ग आणि एक छोटा पंखा हवाच. महाराष्ट्रातल्या मे महिन्यात तर पेटीपेक्षा लांब नळी बरी.

जागा ठरवताना पेट्रोल आणि थिनर विसरू नयेत. प्रेशर स्विचचे संपर्कबिंदू प्रत्येक वेळी बारीक ठिणगी पाडतात. रंगाचे काम जिथे चालते किंवा पेट्रोलचे डबे जिथे असतात, तिथून यंत्र दूर, हवेशीर जागी असावे.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, टाकीत साठणारे पाणी हा दुर्लक्षित विषय आहे. ३० अंश तापमानाला आणि ८५ टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम वाफ असते. ती हवा ८ बारला दाबून पुन्हा थंड झाली की तिच्यात साडेतीन ग्रॅमही मावत नाहीत. उरलेले २२ ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या तळाशी जाते. २४ लिटरची टाकी एकदा भरली की चमचाभर पाणी जमते. ते काढले नाही तर टाकी आतून गंजते, आणि गंजलेली टाकी दाबाखाली फुटू शकते. काम संपल्यावर दाब बराच उतरवून तळाचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडावा. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून तो मोकळा आहे याची खात्री करावी. त्याला कधीही वेल्डिंग करू नये किंवा त्याची स्प्रिंग घट्ट करू नये. टाकीला भोक पडले तर डाग लावण्याऐवजी ती बाद करावी.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच लहान ऑइल-फ्री यंत्रांचे मूळ चीनमध्ये असते आणि एकच यंत्र वेगवेगळ्या नावांनी विकले जाते. त्यामुळे नावापेक्षा कप, झडपांच्या पट्ट्या, कपॅसिटर आणि प्रेशर स्विच सुटे मिळतात का, हे विचारणे जास्त उपयोगाचे. दुकानात यंत्र रिकाम्या टाकीवर लावून दाखवतात, तेव्हा ते नेहमी शांत वाटते. ते ६ बारच्या पुढे जाईपर्यंत थांबावे, कारण खरा आवाज दाब चढल्यावर कळतो. मग मोटर बंद झाल्यावर नळी काढून दाबाचा काटा दहा मिनिटे पाहावा. तो उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. ‘फस्स’ आवाज थांबलाच नाही तर टाकीच्या तोंडाशी असलेला एकमार्गी व्हॉल्व्ह बसत नाही. मोटरची पाटी वाचून फेऱ्या पाहाव्यात, आणि हवेचा प्रवाह कोणत्या दाबाला दिला आहे तेही.

घरी पहिल्या दिवशी रिकामी टाकी पूर्ण भरायला किती मिनिटे लागतात ते मोजून टाकीवरच मार्करने लिहून ठेवावे. हवा घेण्याचा फिल्टर तुंबला किंवा कप झिजला की आवाजाआधी हा वेळ वाढतो. तो पावपटीने वाढला की प्रथम फिल्टर साफ करावा, तरीही फरक पडला नाही तर कपचा संच बदलावा. आवाज अचानक वाढला असेल तर बहुधा एखादा बोल्ट सैल झालेला असतो किंवा पायाखालचे रबर कडक पडलेले असते.